घोटभर पाणी

डब्लिनपासून लांब, समुद्राकाठी शेती करणाऱ्या डोनलचा गडी त्या वर्षी आलाच नाही. दर वर्षी माघात तो पोलंडहून यायचा, गाई व्यायच्या दिवसांत राबायचा आणि वासरं मोठी झाली की परत जायचा. यंदा साथीनं विमानं अडली आणि गडी तिकडंच राहिला. गाई काही कुणासाठी थांबत नाहीत. एकीमागून एक व्यायला लागल्या. साठी उलटलेला डोनल एकटाच चिखलातून बादल्या ओढत राही. भुकेल्या वासरांचं ओरडणं पावसातून कुंपणापलीकडच्या भाड्याच्या घरापर्यंत येई.

त्या घरात सरिताबाई भिंतीकडं तोंड करून पडलेली असे. उशाशी सुनेनं भरून ठेवलेला पाण्याचा पेला संध्याकाळपर्यंत तसाच भरलेला राही.

एका सकाळी वासरं फारच ओरडली तेव्हा ती उठली. लुगड्यावर लेकाचा जाड कोट चढवला, सुनेच्या गमबुटात पाय घातले आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडं गेली. डोनलनं वर बघितलं. तिनं सरळ पुढं होऊन त्याच्या हातातली बादली घेतली, दुधात बोट बुडवून ऊब बघितली, थोडं गरम पाणी ओतलं आणि सगळ्यात मरतुकड्या वासराच्या तोंडात दोन बोटं घालून त्याला रबराच्या सडाकडं वळवलं. वासरानं एक हिसका दिला आणि पिऊ लागलं.

"ग्रँड," डोनल म्हणाला.

छान, बरं, ठीक अशा अर्थाचा हा एवढाच शब्द ती त्याच्याकडून शिकली. पाऊस पडला की ग्रँड, गाय सुखरूप सुटली की ग्रँड. एकदा मागच्या तंगड्यांकडून आलेलं वासरू दोघांनी दोर लावून ओढलं आणि ते मेलेलंच निघालं. तेव्हाही तो गवताच्या मुठीनं हात पुसत ग्रँड म्हणाला आणि गोठ्यामागं जाऊन बराच वेळ उभा राहिला. तिला कळलं, इथली माणसं दार लावून घेताना हा शब्द वापरतात.

मग ती रोज जाऊ लागली. पेंढा पसरायचा, ओला झालेला काट्यानं ओढून काढायचा, बादल्या ऊन पाण्यानं विसळायच्या. दूध वस्त्रगाळ करायचं. इथं गाळायला पांढरं मोज्यासारखं फडकं होतं, ते ती रोज पिळून दोरीवर टाकी. कंबर धरे, बोटांच्या पेरांना भेगा पडत, तरी काम करताना तिच्या ओठांतून आपोआप काहीतरी सुटत असे. बाप्याला काय कळणार म्हणून ती मोठ्यानंच म्हणे:

"भिंतीच्या गं पल्याड, माय हंबरून थकली
अल्याड लेकरानं, भूक रबराला टेकली"

डोनल टोपी मागं सारून ऐके. पहिल्या चिकाचं भांडं त्यानं तिच्या हातात दिलं तेव्हा तिनं घरी नेऊन खरवस केला, वेलदोडा घातला आणि वडी कापून कुंपणावरून त्याच्याकडं नेली. त्यानं वास घेतला, आधी कुत्र्याकडं बघितलं, मग खाल्ली. दुसरी मागून घेतली.

"आमच्या ह्यांला लई आवडायचा," ती मराठीतच म्हणाली. "चिकाचं दूध घरात आलं की त्ये सायकल लावायच्या आधी वासावर यायचे, डोनलभाऊ."

डोनलनं मान हलवली. त्याला काही कळलं नव्हतं. तिला तेच बरं वाटलं.

*

हे म्हणजे बाळासाहेब. खटाव तालुक्यातल्या वाडीत मागं राहिलेले. नात बघायला दोघांनीही यायचं ठरलं होतं. पण म्हशीला कोण बघणार, म्हणून ते म्हणाले, तू जाऊन ये तीन महिनं. सरिताबाई आली आणि मागं जगाचं दार लागलं. भाद्रपदात बाळासाहेबांना ताप आला. सातारला नेलं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ते गेले.

लेकाला, प्रल्हादला, ते त्याच दिवशी कळलं. तो शहरातल्या सरकारी इस्पितळात भुलीचा डॉक्टर. आधी पोर्टलीश गावच्या इस्पितळात असताना कामाची सवय झाली होती, इथं आल्यावर साथीत अतिदक्षता विभागात उभा राहून राहून त्याचे पाय सुजले होते. विमानं नव्हती. आईला रक्तदाब होता. नेणार कशी आणि सांगून करणार काय? वडीलधाऱ्यांनी फोनवर सल्ला दिला, तेरावं उरकू दे, मग सांग. त्यानं ऐकलं. बाबा दवाखान्यात आहेत, तिथं फोन चालत नाही, असं तो रोज सांगत राहिला.

त्याच दिवसांत डब्लिनच्या मंडळाची आरती संगणकावर झाली. चौकोनाचौकोनात माणसं. आवाज मागं-पुढं होत होते, म्हणून आरती सांगणारी मंडळातली मृणालिनी मधूनमधून म्हणे, "सावकाश म्हणा हं, घाई नाही." सरिताबाई कपाळभर कुंकू लावून, हिरवं लुगडं नेसून टाळ्या वाजवत होती. धन्याला आराम पडू दे म्हणून देवाला मोठ्यानं सांगत होती. चौकोनातली सगळी माणसं तिच्याकडं बघत होती. सगळ्यांना माहीत होतं. तिला सोडून.

पुढं कळलं तेव्हा ती रडली नाही. लेकाला एवढंच विचारलं, "त्यांच्या तोंडात शेवटचं पानी कुनी घातलं?"

प्रल्हादनं ताट तिच्यापुढं सरकवलं. अशा वॉर्डातल्या तोंडांत काय असतं ते त्याला रोज दिसत होतं. नळी असते. पाणी घालता येत नाही.

"तुझ्या वार्डात कोन घालतं रं?"

"आई, तू जेव आता."

तेव्हापासून तिला पाणी गिळवेना. चहा दोन घोट जाई, ताक जाई. साधं पाणी ओठाशी नेलं की हात खाली येई. सुनेनं, सुमेधानं, लिंबू पिळून दिलं, साखर घालून दिलं, नातीच्या रंगीत बाटलीतून दिलं. नात रेवा म्हणे, "आजी, जस्ट वन सिप, प्लीज." आजी तिच्या गालावरून हात फिरवी आणि बाटली तिच्याच हातात परत देई.

*

मार्च लागताना ती गोठ्यात पडली. बादली हातात घेऊन उठली आणि तशीच पेंढ्यात कोसळली. दूध सगळं अंगावर. वासरं तिचं लुगडं चाटत होती. डोनलनं तिला उचलून ट्रॅक्टरवर बसवलं आणि कुंपणाच्या दाराशी येऊन हॉर्न वाजवत राहिला.

इस्पितळात तिच्या हाताला सलाईन लावली. तपासणारा डॉक्टर प्रल्हादच्या ओळखीचा. अंगातलं पाणी पार आटलंय म्हणाला. का पीत नाहीत, असं विचारलं. प्रल्हादनं खांदे उडवले. मग त्या डॉक्टरनं मनाच्या आजारांकडची नर्स बोलावली.

नोरा तिचं नाव. पन्नाशीची, जाड भिंगांची. खुर्ची ओढून ती गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ बसली, मग नियम आठवून थोडी मागं सरकली. भिंतीवरच्या फोनकडं बोट दाखवून तिनं प्रल्हादला काही विचारलं. प्रल्हादनं घाईनं मान हलवली आणि आपल्या गळ्यातलं इस्पितळाचं ओळखपत्र पुढं केलं. आपण आहोत ना, डॉक्टरच आहोत, दुभाषी कशाला, असं तो सांगत असावा. नोरा थोडी थांबली. मग बरं म्हणाली.

"आई, ती विचारतेय, तुला काय होतंय?"

सरिताबाईनं त्या बाईच्या डोळ्यांकडं बघितलं. मुखपट्टीच्या वर दोनच डोळे, पण ते हलत नव्हते. इतक्या महिन्यांत तिला असं कुणी विचारून थांबलं नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "पानी तोंडाशी न्येलं की मला त्यांचं तोंड दिसतं. वठ सुकल्यालं, जीभ भाईर. मी प्याले तर त्यांच्या वाटचं प्याल्यागत हुतं. दीस उगवायला समिंदराचा आवाज येतो घरात. वाटतं, येवढं पानी हाय, जाऊन बसावं त्यात. दोघांचीबी तहान एकदाच भागंल. माझं काय ऱ्हायलंय हितं? वासरं हायेत तवर हाय मी. पुढचं सांगता येत न्हाई."

बोलताना तिचा सलाईनचा हात हलत होता. बाटलीतलं पाणी हिंदकळत होतं. बोलून झाल्यावर तिला छातीत जरा जागा झाल्यासारखं वाटलं.

नोरानं प्रल्हादकडं बघितलं.

प्रल्हाद दोन वाक्यं बोलला. त्यातले दोन शब्द सरिताबाईला ओळखू आले, कारण रेवा ते रोज म्हणत असे. एक बाप, एक घर. बाकी मध्ये काही नव्हतं. समुद्र नव्हता. इतक्या महिन्यांत समुद्राचा इंग्रजी शब्द तिच्या कानाला पक्का झाला होता.

नोरानं थोडंसं लिहिलं. मग तिच्याकडं बघून परत काही विचारलं. प्रल्हादनं ते आईला न सांगता स्वतःच उत्तर दिलं.

ती गेल्यावर सरिताबाई म्हणाली, "आरं, मी येवढं बोलले. तू एवढंसंच सांगितलंस?"

"इंग्लिशमध्ये कमी शब्द लागतात, आई."

तिनं त्याच्याकडं बघितलं. लहानपणी खोटं बोलला की तो कानाची पाळी ओढायचा. आताही त्याचा हात मुखपट्टीच्या दोरीशी, कानापाशी गेला होता.

*

घरी आणल्यावर स्वयंपाकघरात दोघं हळू बोलत होती. घर लाकडाचं, त्यात बोलणं राहत नाही.

"सगळं सांगितलंस का तिला?" सुमेधानं विचारलं.

"सांगण्यासारखं होतं तेवढं सांगितलं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? समुद्रात जाऊन बसावंसं वाटतं म्हणाली आई. हे ट्रान्सलेट करू? अ‍ॅडमिट करतील लगेच, त्या वॉर्डात. माझी आई. मी रोज त्याच कॉरिडॉरनं जातो, सुमे."

"मग फोनवरचा इंटरप्रिटर घ्यायचा ना."

"मराठीसाठी कोण येतं माहितीये ना? मृणालिनी. नोकरी सांभाळून करते ती हे. उद्या मंडळात कुणाला तोंड दाखवायचं?"

"त्यांना बोलायची परवानगी नसते रे. ती नाही सांगणार."

"बाबांचं मी तिला एकटीला सांगितलं होतं. आरतीपर्यंत किती जणांना कळलं?" तो थांबला. "जुलैला माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. थोडे दिवस. मी बघतो आईकडे. मी डॉक्टर आहे ना."

"भुलीचा," सुमेधा म्हणाली.

त्यावर कपाटाचं दार जोरात लागल्याचा आवाज आला. मग नळाचा. मग सुमेधा पाण्याचा पेला घेऊन आली आणि उशाशी ठेवून तिथंच बसली.

"आई, तुम्ही त्याच्यावर रागावू नका."

"राग न्हाई गं," सरिताबाई म्हणाली. "बापाचं मरन माझ्याकडं येताना त्यानं गाळलं. आता माझं बोलनं तिकडं जाताना गाळलं. त्यो मधी बसला की फडक्यात काय ऱ्हातं आन खाली काय पडतं, मला दिसतंय. घान न्हाई गं ती, जी फडक्यात ऱ्हाती. त्योच तर चीक हाय."

सुमेधानं तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. उद्या आपणच नोराला फोन करू, असं तिनं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी इस्पितळातून नोराचाच फोन आला, तेव्हा सुमेधा मीटिंगमध्ये होती. प्रल्हादनं घेतला. आई बरी आहे, चहा घेतेय, असं सांगितलं.

*

वासरं होती तोवर ती होती. पण गोऱ्हे दुधाच्या धंद्यात कोण ठेवतं? एका सकाळी त्यांना न्यायला गाडी आली. कानात पिवळे बिल्ले डोलणारे गोऱ्हे एकेक करून फळीवरून वर चढले. ते मरतुकडं वासरू, आता बऱ्यापैकी भरलेलं, चढेना. त्यानं मान वळवून तिच्या कोटाची बाही तोंडात धरली. डोनलनं त्याला मागून रेटलं. बाही सुटली तेव्हा ती ओली होती.

पुढं आठवड्याभरात कालवडीही कुरणात गेल्या. डोनलनं हातवाऱ्यांनी सांगितलं, आता काम नाही, विश्रांती घे. तिचे दोन्ही हात हातात धरून त्यानं हलवले. त्याच्याकडून खूप मोठी गोष्ट होती ती.

गोठा झाडून कोरडा झाला होता. गाळायचं फडकं दोरीवर वाळून कडक झालं होतं. ती त्याच्याखाली जरा वेळ उभी राहिली आणि घराकडं न वळता कुरणाच्या कडेकडेनं खाली उतरली.

"समिंदराच्या पल्याड, माझ्या कुकवाचा धनी
त्याच्या मुखात शेवटी, कुनी घातलं गं पानी"

डोनल कुंपणाचा तुटलेला खांब बघायला गेला म्हणून त्याला ती दिसली. खडकात बसली होती. भरती कमरेला लागली होती. लुगड्याचा पदर पाण्यावर पसरून हलत होता. त्यानं हाका मारल्या, तिनं मागं बघितलं नाही. तो बुटांसकट पाण्यात उतरला. म्हातारी वजनाला काही नव्हती, पण भिजलेलं लुगडं दोन गाईंइतकं जड होतं. वर आणेपर्यंत दोघंही थरथरत होती, आणि तो पहिल्यांदाच बोलत सुटला होता, अखंड, रागानं, आणि त्यात ग्रँड हा शब्द एकदाही आला नाही.

प्रल्हादला त्यानं आडपडदा न ठेवता सरळ सांगितलं. ती चालायला गेली नव्हती, घसरली नव्हती. हे तू डॉक्टरांना सांग. नाही सांगितलंस तर मी सांगतो.

*

या वेळी डॉक्टरीणबाई होत्या. केस पांढरे, बोलणं थोडकं. डोनलचा फोन त्यांना आधीच आला होता. त्यांनी प्रल्हादचं ओळखपत्र बघितलं, मान डोलावली आणि दाराकडं हात केला. घरचं कुणी नको. प्रल्हाद काही बोलू लागला. त्यांनी दार उघडून धरलं.

दाराला काचेची पट्टी होती. त्या पट्टीत तो उभा राहिला.

टेबलावर फोन ठेवला होता. त्यातून खरखर आली आणि मग आवाज आला. "नमस्कार आजी. मी दुभाषी आहे. डॉक्टर जे म्हणतील ते मी तुम्हाला सांगेन, आणि तुम्ही म्हणाल ते सगळं त्यांना. सगळं. काही वगळणार नाही."

सरिताबाईनं मान वर केली. सगळं, असं कुणीतरी म्हणालं होतं. तिच्या ओठांशी आलं, ओठ उघडले सुद्धा. इतके महिने साठलेलं पोटातून वर येऊ लागलं.

"सावकाश सांगा हं," फोन म्हणाला. "घाई नाही."

ते तिथंच थांबलं.

हिरवं लुगडं, टाळ्या, चौकोनात बसलेली माणसं. तिच्या कपाळाकडं बघणारे सगळ्यांचे डोळे. याच बाईनं तेव्हा आरती सांगितली होती. आपण रांडमुंड झालो हे आपल्या आधी या बाईला ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं. फोन खरखरला. मग खाली आलेल्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर विचारतायत... तुम्ही जीव द्यायला गेला होतात का?"

काचेत लेक उभा होता. त्याचा हात कानाशी होता. मुखपट्टीच्या वर डोळ्यांखाली काळं धरलेलं. रोज परक्यांच्या तोंडात नळ्या घालणारं पोर. त्याला खोकल्याचं औषध पाजताना ती त्याचं नाक चिमटीत धरायची, तेव्हाचं तोंड तिला आठवलं.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "पायाला शेन लागलं व्हतं. पाय धुवायला गेले."

फोननं ते सांगितलं. जेवढं ती बोलली तेवढंच तिकडं गेलं. ना कमी, ना जास्त. तिनं कान देऊन माप घेतलं, माप बरोबर होतं.

"झोप येते?"

"येती."

"पाणी पिता का?"

"पिते की."

"आजी," फोन म्हणाला, आणि हे डॉक्टरांनी विचारलेलं नसावं, कारण त्या अजून लिहीत होत्या, "आजी, मी फक्त आवाज आहे असं समजा. आणखी काही सांगायचंय?"

खोलीत नळाचं टपटपणं ऐकू येत होतं. बाहेर पाऊस होता.

"घरची आठवन येती," सरिताबाई म्हणाली. "म्हाताऱ्यांची. बाकी काय न्हाई." लेकानं मार्चात सांगितलेली ती दोन वाक्यंच होती. मग तिनं डॉक्टरीणबाईंकडं बघितलं आणि त्यांच्या बोलीत, स्वतः म्हणाली, "ग्रँड."

डॉक्टरीणबाईंचे डोळे हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग उठल्या, नळाखाली घोटभर पाण्याचा चिमुकला कागदी पेला भरला आणि तिच्यासमोर ठेवला. काही बोलल्या नाहीत. फोनलाही सांगण्यासारखं काही नव्हतं.

सरिताबाईनं पेला उचलला. दोन्ही हातांनी. ओठाशी नेला. डोळे मिटले. पाणी तोंडात गेलं, गाल भरले, आणि तिनं रिकामा पेला टेबलावर पालथा ठेवला. डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला आणि लिहायला घेतलं. घरी जाऊ दे. रोज कुणीतरी येऊन बघेल. वॉर्डात खाटा नव्हत्याच तशाही.

दार उघडलं. प्रल्हाद आत आला, ऐकलं, आणि त्याचे खांदे खाली आले. आईच्या हाताला धरून तो तिला लांबलचक बोळातून बाहेर नेऊ लागला. वाटेत कुणी त्याला डॉक्टर म्हणून हाक मारली, त्यानं हात वर केला.

गाडीत बसल्यावर त्यानं सुमेधाला फोन लावला. "सोडलं. हो. नाही, तिनं स्वतः सांगितलं सगळं, इंटरप्रिटर होती. काही नाही गं, घरची आठवण. पाणीसुद्धा प्यायली डॉक्टरांसमोर. अख्खा पेला." बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. तो रडत होता. "मी म्हणालो होतो ना."

फोन ठेवून त्यानं आरशातून मागं बघितलं. "आई, बरं वाटतंय ना आता?"

पाऊस काचांवरून उतरत होता. सरिताबाईनं मान हलवली.

"बोल की गं काहीतरी."

तिनं पुन्हा मान हलवली. त्यानं गाडी चालू केली. ती गाल घट्ट धरून बसली होती, ओठ मिटून, आणि ते घोटभर पाणी तिच्या तोंडात हळूहळू कोमट होत होतं.